जीआरच्या शेवटच्या पानावरचा आकडा

३० जून २०२५, सोमवार. पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. मधल्या सुट्टीत मुलं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती आणि मी वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून मोबाइलवर एक पीडीएफ वाचत होते. त्या दिवशी सभागृहात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर लागणाऱ्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या होत्या. कुणीतरी ती फाइल आमच्या गटावर टाकली आणि जिल्ह्यातले आम्ही सगळे अंशतः अनुदानित शिक्षक, म्हणजे पगाराचा काही टक्केच भाग शासनाकडून मिळणारे, एकाच वेळी एकच गोष्ट शोधायला लागलो. शालेय शिक्षण विभाग, मागणी क्रमांक ई-२, मुख्य लेखाशीर्ष २२०२, आणि त्याच्याखाली कुठेतरी आमच्या वाढीव टप्प्याची, म्हणजे पुढच्या वीस टक्के अनुदानाची, रक्कम.

ती नव्हती. मी पानं पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. सहावीतली एक मुलगी ताटली धुऊन येताना थांबली आणि म्हणाली, "मॅडम, जेवला नाहीत?" मी म्हटलं, "जेवते गं." आणि पुन्हा पहिल्या पानावर गेले.

त्या एका ओळीसाठी माणूस इतका का अडतो, हे बाहेरच्याला सांगायला बसलं की फार मागे जावं लागतं.

मी २००६ साली बी.एड. करून मराठवाड्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवायला लागले. शाळेला मान्यता होती ती 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर. २००१ पासून राज्यात नव्या शाळांना अशीच परवानगी मिळत होती. शाळा काढा, चालवा, पण शासनाकडे अनुदान मागायचं नाही. शहरातली इंग्रजी शाळा फी घेऊन चालते. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांची आणि कोरडवाहूवाल्यांची मुलं. फी कोण देणार आणि मागणार तरी कोणत्या तोंडानं? संस्था दिवाळीला जे देई तेच वर्षाचं उत्पन्न. पहिली दहा वर्षं माझं हजेरीपत्रक भरलेलं आहे आणि बँकेचं पासबुक कोरं आहे. आमच्या आत्याबाई दर उन्हाळ्यात विचारायच्या, "बाई, ह्या मास्तरकीला पगार कवा सुरू व्हायचा?" त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण सुट्टीत माझ्यासोबत सोयाबीन काढायला त्याच असायच्या.

आमच्या शाळेत एक ज्येष्ठ शिक्षक होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणायचे. मराठी शिकवायचे आणि तालुक्यात संघटनेचं काम बघायचे. मी रुजू झाले त्याच वर्षी त्यांनी मला १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा वाचायला दिला. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा हा कायदा प्रत्यक्षात १९८१ साली लागू झाला. त्याच्या नियमावलीत वेतनश्रेणी आहे, रजा आहेत, सेवाज्येष्ठता आहे, आणि मनात आलं म्हणून संस्थेनं माणसाला काढून टाकू नये यासाठी शाळा न्यायाधिकरणही आहे. मान्यताप्राप्त खासगी शाळा अनुदानित असो वा नसो, कायदा तिला लागू. मी वाचून थक्क झाले. "सर, मग आपल्याला पूर्ण वेतनश्रेणीचा हक्क आहे!" ते म्हणाले, "हक्क आहे. आता तो पैसा कुणाच्या खिशातून यायचा, ते ह्या पुस्तकात शोधून दाखव."

त्या प्रश्नामागे आमची वीस वर्षं गेली.

२००९ साली 'कायम' हा शब्द निघाला. वाचायला एका शब्दाची वजाबाकी, पण त्याआधी किती उपोषणं आणि किती मोर्चे झाले ते मोजायला नको. शब्द निघाला म्हणजे पगार सुरू झाला असं आम्हाला वाटलं. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, मूल्यांकनाचे निकष आले. शाळेनं निकषांत बसायचं, तपासणी करून घ्यायची, पात्र ठरायचं आणि मग पहिल्या वर्षी २० टक्के, पुढे ४०, ६०, ८० असं चढत शंभरावर जायचं. याला आम्ही टप्पा म्हणतो. टप्पा हा आमच्या आयुष्यातला इतका मोठा शब्द झाला की लग्नाच्या बैठकीतसुद्धा मुलीकडचे विचारायचे, "मुलगा कितव्या टप्प्यावर आहे?"

मूल्यांकनाची तयारी आम्हीच केली. मुलींच्या स्वच्छतागृहाची भिंत उभी करायला शिक्षकांनी वर्गणी काढली. पगार नसलेल्या शिक्षकांनी! एकानं बायकोचे कानातले गहाण ठेवले, हे मला फार उशिरा कळलं. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून आणायची, किती पदं मंजूर ते सांगणारी संचमान्यता, प्रत्येकाची वैयक्तिक मान्यता, जुनी हजेरीपत्रकं, दहावीचे निकाल. फाइल दोनदा त्रुटी काढून परत आली. एकदा एका ठरावावर सही राहिली होती, दुसऱ्यांदा मान्यतेच्या पत्राची प्रत पुसट होती. पुसट प्रतीपायी वर्ष गेलं. त्या काळात शाळांच्या दोन जाती पडल्या होत्या, घोषित आणि अघोषित. पात्र होऊनही यादीत नाव न आलेली शाळा अघोषित. शेजारच्या गावची शाळा अघोषितमध्ये अडकली आणि तिथला माझा बी.एड.चा वर्गमित्र रात्री पेट्रोल पंपावर कामाला जायला लागला. दिवसा तो भूगोल शिकवायचा.

सप्टेंबर २०१६ मध्ये पात्र शाळांना सरसकट २० टक्के देण्याचा निर्णय आला. वर्षागणिक आपोआप वाढणारा टप्पा मात्र गेला. म्हणजे पुढच्या प्रत्येक वीस टक्क्यांसाठी नव्यानं मैदानात उतरणं आलं. ऑक्टोबरमध्ये औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक होती, तिथे शिक्षकांचा मोर्चा गेला आणि लाठीमार झाला. आमच्या तालुक्यातले दोघं पाठीवर वळ घेऊन परतले आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले.

पहिला पगार आला तो सहा हजारांच्या थोडा वर. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढलं, आयडी मिळाला, बिल वेतन पथकाकडे गेलं, आणि एका दुपारी मोबाइल वाजला. मी तेव्हा आठवीला समीकरणं शिकवत होते. मेसेज वाचला आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मुलांसमोर रडायचं नव्हतं. घरी गेल्यावर पाचशेच्या नोटा आत्याबाईंच्या हातात ठेवल्या. त्यांनी त्या देवाजवळ ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी खताच्या दुकानाची उधारी फेडली.

त्यानंतर मी संघटनेच्या कामात खऱ्या अर्थानं पडले. आतापर्यंत मोर्च्याला जायचं, घोषणा द्यायच्या, निवेदन द्यायचं, परत यायचं, एवढंच केलं होतं. मोठे सर म्हणाले, "तू गणिताची आहेस ना? मग अर्थसंकल्प वाच." आणि खरं शिक्षण तिथून सुरू झालं. जे समजलं ते प्रत्येक तरुण शिक्षकाला माहीत असायला हवं म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमची सगळी भिस्त शिक्षक आमदारांवर असायची. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या. मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना, तेही मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेल्यांना. आमच्याच आवारात पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या बाईंना ते मत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. हे आमदार तारांकित प्रश्न विचारतात, लक्षवेधी लावतात, मंत्र्यांकडून सभागृहात उत्तर घेतात. ते उत्तर नोंदीत राहतं, पुढे कामाला येतं. पण अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होतं ते विधानसभेत. परिषदेत चर्चा होते, खर्चाला मंजुरी देणारं विनियोजन विधेयक तिथेही जातं, पण चौदा दिवसांत परत करायचं, अडवायचं नाही. म्हणजे आमचा आवाज एका सभागृहात आणि पैशाची चावी दुसऱ्या सभागृहात. हे समजायला मला अकरा वर्षं लागली होती.

मग आम्ही रीत बदलली. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या आमच्या शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांची यादी केली. आमदारांकडे जाताना "न्याय द्या" असं निवेदन नेण्याऐवजी एक पान न्यायचं. तुमच्या मतदारसंघात अशा इतक्या शाळा, त्यात तुमच्याच मतदारांची इतकी मुलं, त्यांना शिकवणारे इतके शिक्षक, सध्या इतका टप्पा, पुढच्या टप्प्याला वर्षाला इतका खर्च. ते पान मी करायचे. आमच्या भागातल्या आमदारांच्या कार्यालयात आम्ही सहा बाया आणि मोठे सर असे पहिल्यांदा गेलो. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "एवढेच पैसे लागतात?" मला त्या प्रश्नाचा आधी राग आला. घरी येताना एसटीत विचार केला, तेव्हा कळलं की त्यांना आकडा आजवर कुणी सांगितलाच नव्हता. आम्ही दहा वर्षं फक्त दुःख सांगत होतो.

२०२० मध्ये ४० टक्के झाले. करोनाचे दिवस, शाळा बंद, मी कट्ट्याकट्ट्यावर जाऊन शिकवत होते, त्याबद्दल इथे लिहीत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ११६० कोटींना मंजुरी दिली, फेब्रुवारी २०२३ मध्ये जीआर निघाला आणि १ जानेवारीपासून आम्ही ६० टक्क्यांवर आलो. त्याच महिन्यात शिक्षणसेवकांचं मानधनही वाढलं. प्राथमिकला सहा हजारांचे सोळा, माध्यमिकला आठचे अठरा, उच्च माध्यमिकला नऊचे वीस हजार. आमच्या वस्तीतली एक मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेविका होती, तिनं पेढे वाटले.

त्या खेपेला आकडा आधी ठरला आणि जीआर मागून आला. २०२४ मध्ये नेमकं उलट झालं.

१४ ऑक्टोबर २०२४ ला पुढच्या टप्प्याचा जीआर निघाला. गटावर गुलाल उधळल्याची चित्रं आली. मोठ्या सरांचा फोन आला, "शेवटचं पान वाचलंस का?" शेवटच्या पानावर खर्च कोणत्या मागणीखाली आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली भागवायचा ते असतं. पण लेखाशीर्ष म्हणजे डबा. डब्यावर नाव असलं म्हणून आत पीठ असतंच असं नाही. निधी अजून मंजूर व्हायचा होता. दुसऱ्याच दिवशी निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. डिसेंबरचं अधिवेशन गेलं, मार्चचा अर्थसंकल्प गेला. ३१ मे २०२५ ला मोठे सर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. तेवीस वर्षं नोकरी, शेवटचा पगार ६० टक्क्यांचा. निवृत्तिवेतन नाही. शाल-श्रीफळ देताना मुख्याध्यापकांचा आवाज लागला नाही.

आणि मग ती ३० जूनची पीडीएफ.

८ आणि ९ जुलैला शाळा बंद ठेवून आझाद मैदानावर जायचं ठरलं. रविवारी आषाढी एकादशी झाली आणि सोमवारी संध्याकाळी आम्ही परभणीहून देवगिरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात चढलो. पंढरीहून परतलेला एक म्हातारा वारकरी दाराजवळ बसला होता. त्यानं विचारलं, "कुठं निघालासा एवढे मास्तर?" आमच्यातल्या एकानं सांगितलं. त्यानं पिशवीतून चुरमुरे-बत्ताशांचा प्रसाद काढून सगळ्यांच्या हातावर ठेवला. मोठे सरही सोबत होते. मी म्हटलं, "सर, तुम्हाला आता यातून काहीच मिळायचं नाही, कशाला दगदग?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. बोलले नाहीत.

मैदानात चिखल होता. पाऊस यायचा, प्लॅस्टिक डोक्यावर घ्यायचो, थांबला की तेच खाली अंथरायचो. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतची माणसं. माझ्या शेजारी धुळ्याची एक बाई कडेवर दोन वर्षांचं मूल घेऊन बसली होती. तिच्या पर्समध्ये दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर होते आणि ती ते तपासत होती, ओल्या बोटांनी, पान न भिजवता. विरोधी पक्षांचे नेते येऊन भाषणं करून गेले. मला भाषणांचं फारसं आठवत नाही. आठवतं ते हे, की दुपारी आमच्या जिल्ह्यातल्या तिघांनी विधानसभेच्या आमदारांना मोबाइलवर तेच जुनं पान नव्या आकड्यांसह पाठवलं आणि चौघांचे उलट फोन आले. "सभागृहात विचारतो." एवढंच. पण आधी कुणी उलट फोन करत नसे.

९ तारखेला मंत्री मैदानात आले आणि निधीचा निर्णय होईल असं मंचावरून सांगितलं. टाळ्या झाल्या. आमच्या रांगेतून तीन-चार जण एकदम ओरडले, "आकडा सांगा! तारीख सांगा!" शेजारच्या जिल्ह्यातल्यांनीही तेच उचललं. मी वळून मोठ्या सरांकडे पाहिलं. ते हसत होते, पहिल्यांदाच त्या दोन दिवसांत.

रात्री परतीची गाडी. १० जुलैला सकाळी स्टेशनवरून थेट शाळेत गेले, चिखलानं भरलेल्या चपला वऱ्हांड्यात काढल्या. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मुलांनी टेबलावर जास्वंदी आणि कण्हेरी ठेवली होती. नववीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, टीव्हीवर मैदान दाखवलं. आम्ही तुम्हाला शोधत होतो." मी त्या तासाला शेकडेवारी शिकवली. साठ टक्के म्हणजे शंभरातले किती, चाळीस राहिले म्हणजे काय, वीस वाढले तर मूळ साठाच्या तुलनेत वाढ किती टक्के. एका मुलीनं पटकन उत्तर दिलं, तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश. मला ते उदाहरण घेताना जड गेलं. पण मुलांना पुस्तकातल्या आंब्यांपेक्षा ते जास्त समजलं.

निर्णय आला. या खेपेला निधीसह आला आणि पुढचा टप्पा ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. मागची भरपाई नाही. ज्या महिन्यांचा पगार वाढीव मिळायला हवा होता ते महिने गेले ते गेलेच, आणि ते मी विसरणार नाही. पण ६० चे ८० झाले. आमच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांची बिलं नव्या टक्केवारीनं करायला आम्ही लिपिकासोबत रात्री नऊपर्यंत बसलो. संगणक एक, वीज दोनदा गेली. कुणीही घरी गेलं नाही.

जीआरची छापील प्रत घेऊन मी रविवारी मोठ्या सरांकडे गेले. पहिला निघाला तेव्हा ते नोकरीत होते, पैसा आला तेव्हा नव्हते. त्यांच्या हातात हा कागद द्यावा की नाही, याचा मी वाटभर विचार केला. काकूंनी चहा ठेवला. सर अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी प्रत पुढे केली. त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला, वरचं विषयाचं पान न वाचता थेट शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून ओळ न ओळ वाचत गेले. मग मला म्हणाले, "आहे. ई-२. २२०२. आता डिसेंबरच्या अधिवेशनाची तयारी कधी सुरू करताय? वीस राहिलेत अजून."

मी पर्समधून वही काढली. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.